पोलीस अ‍ॅक्शनमध्ये (निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी १९४८ ची लष्करी कारवाई) मराठवाड्यात सैन्य घेऊन आलेले जनरल चौधरी कोण? पुढे त्यांचं काय झालं?

जयंतनाथ चौधरी. जन्म १९०८, बंगाली घराणं, शिक्षण सँडहर्स्टचं, म्हणजे इंग्लंडमधल्या लष्करी अकादमीचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर १६ वी लाइट कॅव्हलरी ही रेजिमेंट त्यांच्याकडे होती.

आपला संबंध येतो तो १३ सप्टेंबर १९४८ ला. तेव्हा ते मेजर जनरल. त्यांची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिली गाठ पडली नळदुर्गशी. नर-मादी धबधबा बघायला जाता ना, तीच बोरी नदी. तिच्यावरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता तर रणगाडे तिथंच अडकले असते. तो शाबूत हाती लागला आणि वाट मोकळी झाली. (आपण तिथं सेल्फी काढून परत येतो, हे वेगळं.) १७ तारखेला निजामाने हार मानली. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती अल इद्रूस चौधरींपुढे शरण आले.

नंतर १९४९ अखेरपर्यंत चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर. जहागिऱ्या याच काळात रद्द झाल्या. माझ्या मते गावोगावच्या कुळांना लढाईपेक्षा हा बदल जास्त जाणवला असणार.

१९६१ च्या गोवा मोहिमेत ते दक्षिण विभागाचे प्रमुख होते. चीन युद्धाच्या पडझडीत, नोव्हेंबर १९६२ मध्ये लष्करप्रमुख झाले. १९६५ चं पाकिस्तान युद्ध त्यांच्याच कारकिर्दीतलं. १९६६ ला निवृत्ती, मग कॅनडात उच्चायुक्त. १९८३ मध्ये वारले.