इंजिनच्या मागच्या बाजूचे स्पार्क प्लग बदलताना

पुण्याहून खंबाटकी चढून साताऱ्यात आलास की लगेच पाना हातात घेऊ नकोस. प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढलास तर आटे जातात, आणि मग खर्च प्लगचा नाही, हेडचा होतो. रात्रभर गाडी थंड होऊ दे.

प्लगवरची इग्निशन कॉइल काढली की आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मार. तिथली धूळ सिलिंडरमध्ये पडता कामा नये. अडचणीतल्या प्लगला चुंबकवालं सॉकेट (बहुतेक 16 किंवा 21 मिमी), लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) लागतो. एका वेळी एकच प्लग बदल.

खरी काळजी नवा बसवताना घ्यायची. प्लगच्या वरच्या टोकाला वीतभर रबरी नळी लाव आणि बोटांनी फिरव. आटे तिरके लागले तर नळी घसरते. पाना मात्र जबरदस्तीने रेटत नेतो. मी ही नळी डब्यात कायम ठेवतो, तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. हाताने पूर्ण बसला की वॉशरवाल्या नव्या प्लगला साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) मिळाला तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लाव.