दिवसातून तीनदा फरशी पुसूनही हॉस्पिटलात पेशंटला इन्फेक्शन होतं, ही सफाईवाल्या मावशींचीच चूक ना?

नाही. आणि विचारतानाच तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात, म्हणून लिहायला बसले.

जळगावात सत्तावीस वर्षं स्टाफ नर्स होते. एका खाजगी हॉस्पिटलात, ऐन मे महिन्यात, सर्जिकल वॉर्डात पाठोपाठ तीन पेशंटच्या टाक्यांत पू झाला. राउंडला सर आले, फिनेलचा वास येत नाही म्हणाले आणि सगळ्यांदेखत मावशींचा तीन दिवसांचा पगार कापला. पुसून पुसून त्या बाईचे गुडघे गेले होते. पण टाके काय फरशीला लागतात?

त्या दुपारी ड्रेसिंगची ट्रॉली मी स्वतः पुसायला घेतली. आम्ही सिस्टर लोक घाईत चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून ट्रॉलीच्या दांडीला लावून ठेवायचो. एकेक उपटायचा आणि जखमेवरच्या गॉझला चिकटवायचा. दांडीवर काळा चिकट थर, त्यात कापसाचे तंतू, बीटाडीनचे डाग. नखाने खरवडलं तर वळी निघाली. त्याच दांडीला धरून ट्रॉली या कॉटवरून त्या कॉटला. बीपीचा पट्टा तर घेतल्यापासून कुणी पुसलेला पाहिला नव्हता. स्टॅफिलोकोकससारखे जंतू कोरड्या वस्तूंवर आठवडेच काय, महिनेही तग धरतात.

हायपोची, म्हणजे जंतू मारायच्या क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली खिडकीत, उन्हात, तीही पारदर्शक. मावशी मला आधीच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, याना वासच नही येस." मी म्हटलं, असू द्या. उन्हाने क्लोरीनचा जोर जातो, पातळ केलेलं द्रावण रोज ताजं करायचं, हे मला शिकवलं होतं, त्यांना नाही.

सरांना सांगायला गेले तर, "तुम्ही तुमचं काम बघा." हे सर एका पेशंटचे टाके दाबून बघत आणि तसेच दुसऱ्याकडे वळत. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, तरी बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नव्हतंच. आमच्याकडे तरी वेगळं काय झालं?

तुमचा पेशंट ॲडमिट असेल तर फरशी सोडा. कॉटचा कठडा, सलाईनचा स्टँड, लॉकर, बटणं, नळ, हे पुसतात का बघा. आधी साबणपाण्याने मळ काढायचा, मग हायपो, आणि ते लगेच कोरडं करायचं नाही. मळावर ओतलेलं हायपो वायाच जातं. गाडी भरून आठ माणसं भेटायला आणू नका आणि कळण्याच्या भाकरीचा डबा पेशंटच्या अंथरुणावर उघडू नका. डॉक्टरांना हात धुवा म्हणायला लाजू नका. अँटिबायोटिक चालू असताना पेशंटला जुलाब लागले तर हाताला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबण लावून धुवा. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कडक कवचातली रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. आणि हायपोत ॲसिड कधी मिसळू नका, विषारी वायू होतो.

आता खरं सांगायचं तर तेव्हा पू कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवलाच नव्हता. त्यामुळे दांडीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मावशींमुळे झालं असं सरांनी मात्र म्हटलं होतं. ते तीन दिवसांचे पैसे मावशींना शेवटपर्यंत मिळाले नाहीत, आणि पट्ट्या लावणाऱ्या आम्हा चौघींचा एक रुपयाही कापला गेला नाही.