काचेची खोली उबदार हवी, पण बिल आवरायचे आहे

वाचकांचे प्रश्न : ग्वाल्हेर

प्रश्न : आमचे घर लष्कर भागात आहे. गच्चीवर १२ × १० फुटांची, ८ फूट उंचीची खोली काढली आहे. दक्षिण आणि पूर्व बाजूंना खालपासून वरपर्यंत ५ मिमी काचेच्या ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या आहेत, उरलेल्या दोन बाजूंना घराच्या भिंती आणि वर साधा पत्रा. बाबा (वय ७८) सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिथे बसतात. २००० वॅटचा ब्लोअर सतत चालू असतो, तरी खोली गारच राहते. ऑइल हीटर घेतला तर स्वस्त पडेल का?

उत्तर : नाही पडणार. ब्लोअर असो, क्वार्ट्झ (तापून लाल होणाऱ्या नळ्यांचा हीटर) असो की ऑइल हीटर, एका युनिटातून प्रत्येकाला उष्णता एका युनिटाचीच मिळते. ऑइल हीटरचा आवाज होत नाही, बंद केल्यावरही तो थोडा वेळ ऊब देतो, पण तापायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो. तीन तासांच्या बैठकीसाठी तो सोयीचाही नाही.

आधी उष्णता जाते कुठे ते पाहू. बाहेर ६ अंश आणि आत १८ अंश हवे असे धरले, तर फरक १२ अंशांचा. तुमची काच सुमारे १६ चौरस मीटर आहे. एकेरी काचेतून दर चौरस मीटरमागे, दर अंशामागे ५.७ वॅट जातात, म्हणजे ११०० वॅट. पत्रा ११ चौरस मीटर, त्यातून ९०० वॅट. स्लायडिंगच्या फटींतून येणाऱ्या गार हवेचे ३०० वॅट. बेरीज २३०० वॅट. ब्लोअर देतो २०००, म्हणून त्याचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारी कळ) कधी वीज तोडतच नाही आणि खोलीही तापत नाही. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरले तर २३० व्होल्टचा तोच हीटर तीन-चतुर्थांश, म्हणजे जेमतेम १५०० वॅट देतो. सहा तासांचे १२ युनिट. वरच्या टप्प्याचा दर ८ रुपये धरला तर दिवसाला ९६ रुपये होतात.

म्हणून पहिला खर्च हीटरवर करू नका, पत्र्यावर करा. पत्र्याखाली जीआय चॅनेलचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) सांगाडा, त्यात ५० मिमी जाडीचे थर्मोकोल आणि खाली १२ मिमी जिप्सम बोर्ड. थर्मोकोल आग लवकर न पकडणाऱ्या दर्जाचे मागा. १ × ०.५ मीटरच्या २३ शीट लागतात, तुटफूट धरून २५ आणा. जिप्सम बोर्ड वगळू नका, उघडे थर्मोकोल पेटले की धूर विषारी असतो. पत्रा आणि थर्मोकोल यांच्यात इंचभर पोकळी ठेवून तिची टोके बाहेरच्या बाजूला उघडी ठेवा आणि त्यांवर बारीक जाळी बसवा, नाहीतर चिमण्या आणि उंदीर आत शिरतात. थर्मोकोलच्या खालच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद लावून सांधे टेपने बंद करा. बहुतेक कामांत हा कागदच गाळला जातो. मग खोलीतली दमट हवा वर जाऊन गार पत्र्याला लागते, तिचे पाणी होते आणि महिन्याभरात छतावर पिवळे डाग उमटतात. काम नीट झाले तर छतातून जाणारे ९०० वॅट १०० च्या आत येतात. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हाही याच छताचा उपयोग होतो, म्हणून हा खर्च आम्हाला सर्वांत रास्त वाटतो.

त्यानंतर फटी. स्लायडिंगच्या शटरला बाजूने लोकरीसारखी ब्रश पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजते. जुनी ओढून काढा, तिची रुंदी-उंची मोजून तीच नवी घाला. नेमकी जाडी नसेल तर शटर अडते किंवा फट तशीच राहते. फ्रेम आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन भरा. पडदे अस्तराचे, जमिनीला टेकणारे आणि वर पेल्मेटने (दांडी झाकणाऱ्या पेटीने) बंद असे हवेत. पडद्यावरची बाजू उघडी राहिली तर गरम हवा तिथून मागे उतरते, काचेला लागून गार होते आणि पायांशी येते. फरशीवर जाड सतरंजी घाला.

एवढे झाल्यावर खोलीची गरज २३०० वरून सुमारे १००० वॅटवर येते. आता ८०० वॅटचा, दोन नळ्यांचा क्वार्ट्झ हीटर पुरतो. खोली पंधरा-सोळा अंशांवर येते आणि बाबांच्या अंगावर थेट ऊब पडते. काचेकडे पाठ करून, बाबांकडे तोंड करून तो तीन-चार फुटांवर ठेवा. काचेकडे तोंड केले तर काच ती ऊब शोषून बाहेर घालवते. सहा तासांचे ४.८ युनिट, म्हणजे ३८ रुपये. बाबांना मधुमेह असेल आणि तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय हीटरजवळ ठेवू देऊ नका, भाजलेले कळत नाही. आडवा पडल्यावर आपोआप बंद होणाराच हीटर घ्या. ब्लोअर पुढेही कधी वापरणार असाल तर १६ ॲम्पिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिमी तांब्याची तार आणि नीट अर्थिंग हवे. २००० वॅटला जवळजवळ ९ ॲम्पिअर लागतात, ६ ॲम्पिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यात वितळतो.

आणि फुकटची ऊब घ्या. डिसेंबरअखेर ग्वाल्हेरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेतून ऊन खोलवर येते. आभाळ स्वच्छ असेल तर दुपारी दोन ब्लोअरांइतकी उष्णता सहज मिळते. पूर्वेच्या काचेवर ऊन आले की पडदे सारा आणि हीटर बंद करा. अकरा ते तीन घराकडचे दार उघडे ठेवा, चारला लावा, दिवेलागणीला पडदे ओढा. धुक्याच्या दिवसांत मात्र हा आधार मिळत नाही. तेव्हा बाबांनी घरातच बसलेले बरे.

प्रश्न : अशा खोलीला हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी जास्त किफायतशीर नाही का? (सिटी सेंटर)

उत्तर : फक्त विजेच्या हिशोबाने आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांची ऊब मिळते. वरच्या प्रश्नातल्या खोलीला, छताचे काम झाल्यावर, त्याला दिवसाला दोन-अडीच युनिट पुरतील, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा १८-२० रुपये वाचतील. कडाक्याची थंडी इथे दोन महिन्यांची. वर्षाला हजार-बाराशे वाचवण्यासाठी एसी घेणे परवडत नाही. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तेव्हा मात्र नुसत्या कूलिंगच्या ऐवजी हाच घ्या. साधा एसी नंतर हीटिंगचा करून मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्या. दमट, धुक्याच्या पहाटे बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला मशीन काही मिनिटे गरम हवा थांबवते. तो बिघाड नव्हे.

प्रश्न : काचबंद गॅलरीत रात्री कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर ठेवला तर चालेल का? (मुरार)

उत्तर : शेगडी अजिबात नको. निखाऱ्यांवर धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही लक्षणे दिसली तर आधी माणसाला उघड्यावर न्या आणि लगेच दवाखाना गाठा.

गॅसचा हिशोब वरवर बरा दिसतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांची उष्णता असते. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर युनिट ५ रुपयांना पडते. पण धुराडे नसलेल्या हीटरसाठी खिडकी किलकिली ठेवावीच लागते, आणि वाचवलेले तिथून निघून जाते. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते आणि काचांवर धरते. गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. झोपायच्या जागी तो नकोच.

प्रश्न : ६ × ४ × ६ फुटांच्या काचेच्या कपाटवजा घरात अडेनियम, क्रोटन आणि काही ऑर्किड आहेत. रात्री हीटर लावावा का? (थाटीपूर)

उत्तर : बाहेर ४ अंश असताना आत १० अंश ठेवायला त्याला साडेचारशे वॅट लागतात. आतून बबल रॅप लावला, फुगे काचेकडे करून, तर तीनशेवर काम भागते. तरी रात्रभराचे तीन-साडेतीन युनिट होतात. आमचा सल्ला असा की, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ऑर्किड आणि क्रोटन घरात घ्या. अडेनियम पाने गाळते तेव्हा पाणी जवळपास बंद करा. ते थंडीपेक्षा ओल्या गार मातीत मुळे कुजून जास्त मरते. बाकी झाडांना पाणी सकाळी दहानंतर द्या.

प्रश्न : सकाळी काचांवरून पाणी ओघळून आत भिंतीपाशी साचते. काच बदलावी का? (दौलतगंज)

उत्तर : नको. आत कपडे वाळत घालू नका आणि अकराच्या सुमारास समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा मिनिटे उघडा. मग खालचा ट्रॅक पाहा. त्याच्या बाहेरच्या कडेला पाणी जाण्यासाठी लहान भोके असतात, ती धूळ आणि रंगकामाच्या पुटीने बुजलेली आढळतील. बारीक तारेने मोकळी करून मगभर पाणी ओता. पाणी बाहेरच्या बाजूला पडले पाहिजे. भोकेच पाडलेली नसतील तर ॲल्युमिनियमवाल्याकडून प्रत्येक दोन फुटांवर एक पाडून घ्या.