जीमेलला जोडलेलं अ‍ॅप ‘ऑथरायझेशन एरर’ देतंय? पासवर्ड बदलत बसू नका

तुमचा प्रश्न मी असा समजलो: दुकानाच्या जीमेल खात्याला बिलिंगचं अ‍ॅप जोडलेलं आहे. ते ग्राहकांना बिलं मेल करतं आणि रोजचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर टाकतं. ते अचानक ‘ऑथरायझेशन एरर’ दाखवायला लागलं. तुम्ही पासवर्ड बदलून पाहिला, तरी फरक नाही. उलट तेव्हापासून स्कॅनरनेही मेल पाठवणं बंद केलंय.

आधी एक विनंती. खात्यात दुसरं कोणी शिरल्याची शंका नसेल, तर आता पुन्हा पासवर्ड बदलू नका. एरर आली की पासवर्ड बदलायचा, ही सवय मला बऱ्याच दुकानांत आणि ऑफिसांत दिसते आणि त्यातून एकाचे दोन बिघाड होतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

अ‍ॅपकडे तुमचा पासवर्ड नसतोच. जोडणी करताना तुम्ही गूगलच्या पानावर लॉगिन करता, ‘अलाऊ’ दाबता, आणि गूगल त्या अ‍ॅपला दोन टोकन, म्हणजे परवानगीच्या डिजिटल चाव्या, देतं. पहिलं साधारण तासभर चालतं. दुसरं टिकाऊ असतं. ते दाखवून अ‍ॅप तासातासाला नवं टोकन मागून घेतं, म्हणून तुम्हाला रोज लॉगिन करावं लागत नाही. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. त्यामुळे पासवर्ड बरोबर आहे की चूक हा प्रश्नच इथे येत नाही. ते टिकाऊ टोकन बाद झालं की अ‍ॅप अडतं.

आणि जीमेलची परवानगी असलेलं टोकन तर तुम्ही पासवर्ड बदलताच गूगल स्वतःहून रद्द करतं. खातं कोणी बळकावलं असेल तर पासवर्ड बदलल्यावर त्याला बाहेर काढता यावं, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला अगदी योग्य वाटतो. पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की पहिल्यांदा एरर कशानेही आलेली असो, आता जुनी जोडणी काही केल्या चालणार नाही. ती नव्यानेच करावी लागेल.

नव्याने जोडताना बहुतेक जण एक पायरी गाळतात. अ‍ॅपमध्ये जाऊन फक्त ‘रीकनेक्ट’ दाबतात. गूगलच्या दृष्टीने तुम्ही या अ‍ॅपला पूर्वीच संमती दिलेली असते, आणि बऱ्याच अ‍ॅपच्या बाबतीत टिकाऊ टोकन पहिल्या संमतीच्या वेळीच मिळतं. मग अ‍ॅपच्या हाती फक्त तासाभराचं टोकन येतं. सगळं सुरळीत झालं असं वाटतं आणि थोड्या वेळात पुन्हा तीच एरर. म्हणून आधी जुनी परवानगी गूगलच्या बाजूने काढून टाका. गूगल खातं उघडा, सिक्युरिटीच्या भागात जा, तिथे तुमच्या खात्याशी जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅपची यादी असते. त्यात आपलं बिलिंग अ‍ॅप शोधून त्याचा अ‍ॅक्सेस काढा. अ‍ॅपमधूनही खातं डिस्कनेक्ट करा. मग पुन्हा जोडा. यादी उघडलीच आहे तर वर्षानुवर्षं न वापरलेली अ‍ॅपही काढून टाका. त्यांच्या हातात तुमचा डेटा राहण्याचं काही कारण नाही.

जोडताना ब्राउझरमध्ये कोणतं खातं उघडं आहे तेही बघा. घरचं आणि दुकानाचं अशी दोन जीमेल खाती एकाच क्रोममध्ये असली की घाईत भलतंच निवडलं जातं आणि बॅकअप घरच्या ड्राइव्हवर जाऊन पडतो. इनकॉग्निटो विंडोत फक्त दुकानाच्या खात्याने लॉगिन करून जोडणी केली तर हा घोळ टळतो.

आता संमतीचं पान. इथे जरा थांबून वाचा. अ‍ॅप एकापेक्षा जास्त परवानग्या मागत असेल तर हल्ली प्रत्येक परवानगीपुढे एक छोटा चौकोन दिसतो: तुमच्या वतीने मेल पाठवणं, ड्राइव्हवर फाइल ठेवणं वगैरे. हे चौकोन रिकामे असू शकतात, आणि रिकामे ठेवूनही खालचं ‘कंटिन्यू’ दाबता येतं. तसं केलं की अ‍ॅप ‘कनेक्टेड’ म्हणून हिरवी खूण दाखवतं, पण बिल पाठवायला गेलं की ‘इन्सफिशंट परमिशन’. लोक मग पुन्हा पासवर्डकडे वळतात. मेल पाठवण्याच्या चौकोनातली टिक राहून गेली, एवढंच कारण असतं. अर्थात मागेल ती परवानगी डोळे मिटून द्या, असं मी म्हणत नाही. बिलिंगच्या अ‍ॅपला मेल पाठवायची परवानगी लागते हे पटतं. पण ते तुमचे सगळे मेल वाचायची आणि डिलीट करायची परवानगी मागत असेल, तर कशासाठी ते बनवणाऱ्याला विचारा.

एवढं करूनही अडलं, तर एररच्या पानावरचं मोठ्या अक्षरांतलं वाक्य सोडून द्या आणि ‘एरर डिटेल्स’ उघडून बारीक मजकूर वाचा. दोष कोणाकडे आहे ते तिथे कळतं. ‘इन्व्हॅलिड ग्रँट’ म्हणजे टोकन मेलेलं आहे. त्याचा उपाय वर सांगितला. ४०० आणि ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ असेल तर चूक अ‍ॅप बनवणाऱ्याची. तुम्ही हातपाय आपटून उपयोग नाही, अ‍ॅप अपडेट करा किंवा त्यांना कळवा. ४०३ आणि ‘डिसअलाऊड यूजर एजंट’ असेल तर अ‍ॅप गूगलचं लॉगिन स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडतंय, आणि गूगल ते चालू देत नाही. कारण तशा खिडकीत तुम्ही टाइप केलेला पासवर्ड अ‍ॅपला वाचता येऊ शकतो. अपडेट केल्यावरही हेच येत असेल तर मी असं अ‍ॅप वापरणार नाही.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ जरा फसवं आहे. कधी तुम्हीच ‘कॅन्सल’ दाबलेलं असतं. पण ओळखीच्या मुलाने किंवा लहान कंपनीने बनवलेलं अ‍ॅप असेल, तर त्यांचा प्रोजेक्ट गूगलकडे अजून ‘टेस्टिंग’ अवस्थेत असण्याची शक्यता मोठी. त्या अवस्थेत जास्तीत जास्त १०० जणांची नावं यादीत घालता येतात आणि यादीबाहेरच्यांना प्रवेश मिळत नाही. यादीत असलात तरी टिकाऊ टोकन ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला न चुकता पुन्हा जोडावं लागत असेल तर कारण हेच समजा आणि त्यांना प्रोजेक्ट ‘प्रॉडक्शन’मध्ये न्यायला सांगा. अ‍ॅप ६ महिने वापरलंच नाही तरी टोकन बाद होतं.

खातं कंपनीच्या डोमेनचं असेल आणि ‘अ‍ॅडमिन पॉलिसी एन्फोर्स्ड’ असं काही दिसलं, तर तुमच्या अ‍ॅडमिननेच ते अ‍ॅप रोखलेलं आहे. त्याच्याकडेच जा.

आता स्कॅनर. त्याचं दुखणं वेगळं आहे. जुन्या स्कॅनर-प्रिंटरला ओऑथ येत नाही, त्यांना पासवर्डच लागतो. साध्या जीमेल खात्यांसाठी खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा यंत्रात घालण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केली. म्हणजे इतके दिवस तुमचा स्कॅनर चालत होता तो बहुधा कोणीतरी बसवून दिलेल्या ‘अ‍ॅप पासवर्ड’वर, म्हणजे अशा यंत्रासाठी गूगलने बनवून दिलेल्या वेगळ्या पासवर्डवर. आणि मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. स्कॅनरच्या अहवालात ५३५ हा आकडा, म्हणजे पासवर्ड नाकारल्याची खूण, दिसत असेल तर शंका ठेवू नका.

नवा अ‍ॅप पासवर्ड काढायचा तर खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. मग गूगल खात्याच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅप पासवर्ड’ शोधा, ‘स्कॅनर’ असं नाव देऊन नवा तयार करा. १६ अक्षरं मिळतील, चार-चारच्या गटांत. मधल्या मोकळ्या जागा फक्त वाचायच्या सोयीसाठी असतात, त्या स्कॅनरवर टाइप करू नका. सगळी अक्षरं लहान लिपीतली असतात, तेव्हा स्कॅनरच्या कीपॅडवर कॅपिटल चालू राहिलंय का ते बघा. तो पासवर्ड एकदाच दिसतो. खिडकी बंद केली की परत दाखवत नाहीत, नवा करावा लागतो. यूजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता, सर्व्हर जीमेलचा एसएमटीपी (मेल पाठवण्याचा सर्व्हर) आणि पोर्ट ५८७. तेवढ्यावर स्कॅनर चालू व्हायला हवा.

एक कळकळीची गोष्ट. या एररचं उत्तर शोधताना इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही ‘गूगल कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. समोरचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतो, ओटीपी मागतो आणि दुकानाच्या बँक खात्यापर्यंत पोचतो. जोडणी दुरुस्त करायला कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. आधीच असं काही झालं असेल तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा.

हे सगळं करून पाहिल्यावरही एरर राहिली तर ‘एरर डिटेल्स’मधली ओळ इथे प्रतिसादात लिहा. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर त्यावरचा ईमेल पत्ता झाकून टाका.