पहिल्या रात्रपाळीपूर्वी
रुग्ण हाकेला ओ देत नसेल आणि अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेत असेल, तर त्याचा श्वास चालू आहे असे समजू नका; हृदय थांबले आहे असे धरा. नवशिक्यांची मोलाची मिनिटे इथेच वाया जातात. मानेतील नाडी 10 सेकंदांहून अधिक वेळ चाचपू नका, आणि मॉनिटरवर हृदयाची विद्युत लय दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण नाडी थांबली असतानाही ती दिसू शकते. मदतीला हाक मारून, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) मागवून, छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देऊ लागा. शॉक दिल्यावर नाडी पाहत न थांबता लगेच पुन्हा दाब सुरू करा. मॉनिटरवरच्या सरळ रेषेला मात्र शॉक देत नाहीत, सिनेमात काहीही दाखवोत.