राज्य सोडू का, निवृत्ती घेऊ का? क्रिकेटच्या नियमांवर तुमचे प्रश्न

या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत, म्हणजे खेळाबद्दल कमी आणि खेळाडूनं कुठं खेळायचं हे नक्की ठरवतं कोण याबद्दल जास्त. म्हणून हा अंक सगळा त्यालाच दिला.

प्रश्न, कल्याणहून एक वडील: मुलगा एकवीस वर्षांचा आहे, मुंबईत क्लब क्रिकेट नियमित खेळतो पण पुढं सरकत नाहीये. एक ओळखीचे कोच म्हणतात दुसऱ्या राज्यातून खेळवा. मुंबई सोडली तर परत घेतील का? आणि लोक नावं ठेवतील ते वेगळंच.

उत्तर: दादा, लोकांचं आधी बाजूला ठेवू. वसीम जाफरनं मुंबईसाठी ढिगानं रन केले आणि मग २०१५ मध्ये विदर्भात गेला, तेव्हाही लोक बोललेच होते. विदर्भ तोपर्यंत रणजीची फायनलसुद्धा खेळला नव्हता. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भानं रणजी जिंकली आणि विजयी फटका जाफरचाच होता, पुढच्या वर्षी चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं हजारावर रन केले आणि रणजी परत नागपूरला आली. आज नागपुरात कुणी त्याला मुंबईचा म्हणून दाखवावं!

करुण नायरचं तर अजून बोलकं आहे. इंग्लंडविरुद्ध त्रिशतक मारलेला खेळाडू, कर्नाटकनं संघातून काढला, २०२३ मध्ये तो विदर्भात आला, २०२४-२५ च्या विजय हजारे वनडे स्पर्धेत ७७९ रन केले, त्याच वर्षी विदर्भाबरोबर रणजी जिंकली, जून २०२५ मध्ये लीड्सला परत टेस्ट खेळला आणि मग रीतसर कर्नाटकात परतला. यशस्वी जैस्वालनं एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी मुंबईकडून एनओसी, म्हणजे सोडून जायचं ना-हरकत पत्र, घेतली, महिन्याभरात मन बदललं, मुंबईनं त्याला ठेवूनही घेतलं. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि पहिल्याच रणजी सीझनमध्ये चंडीगडविरुद्ध २२२ काढले. सांगायचा मुद्दा काय, राज्य बदलणं म्हणजे परतीचं तिकीट खिशात ठेवून केलेला प्रवास आहे, दोन असोसिएशन राजी असतील तर येता येतं आणि जाताही येतं.

पण ही सगळी नावाजलेली माणसं आहेत हे विसरू नका. एका राज्याला बाहेरचे तीनच पाहुणे खेळाडू घेता येतात आणि त्या तीन जागा असे लोकच घेतात. तुमच्या मुलाला तिथला स्थानिक म्हणूनच नाव लावावं लागेल, त्याला काय काय कागद लागतात ते त्या असोसिएशनकडून लेखी घ्या, कोचच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि 'सिलेक्शन करून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागं फिरा, ही कळकळीची विनंती.

प्रश्न, सांगलीहून एक ताई: आमची स्मृती ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळते, इंग्लंडमध्ये हंड्रेड खेळते. मग रोहित, सूर्या, बुमराह कधीच का दिसत नाहीत तिकडे? भाची रोज विचारते.

उत्तर: ताई, भाचीनं अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. बीसीसीआयनं बायकांना परदेशी लीग खेळायला परवानगी दिलीय आणि पुरुषांना दिलेली नाही, एवढंच त्याचं उत्तर. २०१६ मध्ये हरमनप्रीत आणि स्मृती पहिल्यांदा तिकडे गेल्या तेव्हा आपल्याकडे डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, नव्हतीच, ती आली २०२३ मध्ये, त्यामुळे मधली वर्षं बाहेरच्या लीगनीच या मुलींना मोठ्या प्रेशरची सवय लावली असं मला ठाम वाटतं. २०२१ ची एक मॅच बघा, सिडनी थंडरकडून स्मृतीनं नाबाद ११४ केले, समोर मेलबर्न रेनेगेड्सकडून हरमनप्रीतनं नाबाद ८१, आणि शेवटची ओव्हर टाकायला पण हरमनप्रीतच, चार रननी मॅच काढली तिनं. त्या सीझनची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. हीच हरमनप्रीत २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्डकप उचलताना आपण सगळ्यांनी पाहिली.

पुरुषांचा नियम असा की परदेशी टी-ट्वेंटी किंवा टी-टेन (दहा ओव्हरची) लीग खेळायची असेल तर आधी निवृत्ती घ्या, नुसती टीम इंडियातून नाही, तर रणजी, आयपीएल, सगळ्यातून. आता यात गंमत नाही, बारकावा आहे. काउंटी, म्हणजे इंग्लंडचं देशांतर्गत क्रिकेट, खेळायला बोर्ड हरकत घेत नाही, अजिंक्य रहाणे लेस्टरशायरकडून खेळलाय, पृथ्वी शॉनं २०२३ मध्ये नॉर्थम्प्टनशायरकडून एका वनडेत २४४ मारलेत. म्हणजे परदेशात खेळण्याला विरोध नाहीये, विरोध आहे तो फ्रँचायझी लीगला, कारण विराट आणि बुमराह फ्रँचायझीच्या जर्सीत फक्त आयपीएलमध्येच दिसतात यावर आयपीएलची सगळी किंमत उभी आहे.

दुसरी बाजू पण सांगतो. २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये आपण सेमीफायनल हरल्यावर राहुल द्रविडला हेच विचारलं होतं, त्याचं म्हणणं होतं की पोरं बाहेरच्या लीगला गेली तर आपलं रणजी संपेल, लीगच्या नादात वेस्ट इंडिजच्या क्रिकेटचं काय झालं ते बघा. हे मला पटतं. बिग बॅश आणि आपला रणजीचा सीझन एकाच वेळी येतात, उद्या दरवाजा उघडला तर जानेवारीत रणजी खेळायला कोण थांबणार? पण ज्याच्याकडे आयपीएलचं कॉन्ट्रॅक्टच नाही, तिशी उलटलीय, टीम इंडियाचा विषय संपलाय, त्याला का अडवायचं? सुरेश रैना आणि इरफान पठाण यांनी २०२० मध्ये हेच जाहीरपणे मांडलं होतं. बोर्डानं ऐकलं नाही आणि माझ्या मते तिथं बोर्ड चुकलं, अजूनही चुकतंय.

प्रश्न, ठाण्याहून: प्रवीण तांबेवर अन्याय झाला असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. तुमचं काय मत?

उत्तर: तांबेची गोष्ट माहीत नाही असा मुंबईतला क्लब क्रिकेटर सापडणं अवघड. वर्षानुवर्षं कंपनीचं आणि क्लबचं क्रिकेट खेळला, मुंबईच्या रणजी संघात तोवर कधी घेतलं नाही, आणि ४१ व्या वर्षी, २०१३ मध्ये, राजस्थान रॉयल्सनं थेट आयपीएलमध्ये उतरवला. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सगळ्यात जास्त विकेट त्याच्या, मग रणजीत पदार्पण, पुढच्या आयपीएलमध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक.

२०१८ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली आणि शारजात टी-टेन खेळला, तिथंही हॅटट्रिक घेतली, गेल, मॉर्गन, पोलार्ड अशा लोकांना आउट केलं. नंतर निवृत्ती मागं घेतली. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सनं २० लाखांना घेतला, वय ४८! आणि मग बोर्डानं सांगितलं, टी-टेन खेळलाय, आयपीएल खेळता येणार नाही.

नियमाचं बोट धरलं तर बोर्ड बरोबरच आहे. निवृत्ती मागं घेता येत असती तर प्रत्येक जण डिसेंबरात निवृत्त होऊन एप्रिलमध्ये परत आला असता. २०२० च्या शेवटी युवराज सिंगला पंजाबकडून परत खेळायचं होतं, तो आधी कॅनडात आणि अबू धाबीत खेळून आला होता, त्यालाही परवानगी मिळाली नाही, म्हणजे मोठ्या नावाला वेगळा न्याय लावला असं तरी नाही झालं. पण ज्या माणसाला वयाच्या चाळिशीपर्यंत दारातच उभा केला, त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी दोन पैसे कमवायला निवृत्तीची अट घालायची हे मनाला लागतं, आणि हे मी भावनेनंच बोलतोय. तांबे मात्र बसून राहिला नाही, २०२० मध्ये त्रिनबागोकडून कॅरिबियन लीग खेळला, तिथं खेळलेला पहिला भारतीय तोच.

उन्मुक्त चंदनं हाच नियम डोळे उघडे ठेवून स्वीकारला. २०१२ चा अंडर-नाइन्टीन वर्ल्डकप जिंकून देणारा कॅप्टन, २०२१ मध्ये २८ व्या वर्षी भारतातलं क्रिकेट सोडून अमेरिकेला गेला. परत यायचं नाही हे ठरवूनच गेला, त्यामुळे त्याची तक्रार कधी ऐकू आली नाही.

प्रश्न, पुण्याहून एक विद्यार्थी: इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर आयपीएलमध्ये दोन वर्षांची बंदी जरा जास्तच नाही का?

उत्तर: नाही, योग्य आहे. २०२४ मध्ये त्यानं माघार घेतली तेव्हा आजी गेली होती, तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि बोलायलाही नको होतं. पण पुढच्या लिलावात दिल्लीनं त्याला सव्वासहा कोटींना घेतल्यावर तो पुन्हा नाही म्हणाला, आणि लिलावात निवड झाल्यावर माघार घेतली तर दोन सीझन बंदी हे लिलावाच्या आधीच सगळ्यांना कळवलेलं होतं. देशासाठी फ्रेश राहायचंय हे त्याचं कारण मला मान्य आहे, फक्त मग लिलावात नाव द्यायचं नव्हतं. संघानं त्याच्याभोवती सगळं गणित मांडलेलं असतं आणि ती जागा ऐनवेळी भरायची म्हणजे उरलेसुरले शोधत बसायचं.

प्रश्न, लातूरहून: धोनी आयपीएलमध्ये अनकॅप्ड, म्हणजे देशाकडून न खेळलेला, कसा काय?

उत्तर: पाच वर्षं इंटरनॅशनल मॅच खेळलेली नसेल आणि बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट नसेल तर तो भारतीय खेळाडू अनकॅप्ड धरतात. जुनाच नियम होता, २०२४ मध्ये परत आणला, म्हणून चेन्नईनं त्याला ४ कोटींत ठेवला.

कबड्डीवरचे प्रश्न पण बरेच आलेत, प्रो कबड्डीचा लिलाव आणि नोकरीवाल्या खेळाडूंची सुट्टी हे दोन विषय पुढच्या अंकात घेऊ.