चर्चा भरकटली की मला मजा येते, चुकतंय का?

प्रश्न: ताई, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीमची टेक्निकल चर्चा सुरू झाली की गाडी हमखास भलतीकडेच जाते आणि खरं सांगू, मला तोच भाग सगळ्यात आवडतो. वेळ वाया घालवतोय का मी?

उत्तर: अजिबात नाही हो! मीपण वीस वर्षं याच कामात काढलीत. एकदा आमच्याकडे १९४३ च्या जन्मवेळा चुकत होत्या, सकाळी सात टाकले की स्क्रीनवर सहा. शोधलं तर कळलं की महायुद्धामुळे सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं तासभर पुढे होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे, आणि आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी सरळ साडेपाच ठोकलेले. दहा मिनिटांत फिक्स. पण उठतंय कोण! एकजण म्हणाला माझ्या आजीच्या पत्रिकेच्या कोपऱ्यात ‘युद्धाचा एक तास वजा’ असं शाईने लिहिलंय, त्याचा अर्थ आत्ता लागला. मग दुसऱ्याने मुंबईचं काढलं, १९०६ ला प्रमाणवेळ आली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ पार १९५५ पर्यंत चालू होती, म्हणजे स्टेशनवर एक वेळ नि गावात दुसरी, लोक गाडी कशी पकडत असतील यावरच अर्धा तास गेला. तो बग कुणाला आठवत नसेल, आजीची पत्रिका मात्र सगळ्यांना आठवते. तुम्ही बिनधास्त भरकटा, फक्त फिक्स आधी टाका.